तुरट चवीची श्रीमंती

फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन पहिल्यांदा चाखणाऱ्याचा बहुधा हिरमोड होतो. गोडवा नाहीच, उलट जीभ आवळून धरणारा तुरटपणा! कच्चे जांभूळ किंवा कडक कोरा चहा आठवावा. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतल्या व बियांतल्या टॅनिनचा. तोच वाइनला वर्षानुवर्षे टिकवतो आणि मुरता मुरता मऊ होतो.

जिरोंद खाडीच्या डाव्या अंगाला, मेदोकच्या दगडगोट्यांच्या जमिनीत काबर्ने सोव्हिन्यों द्राक्ष पिकते. तिथली वाइन करारी. उजवीकडे पोमरोलला मर्लो अधिक. ती वाइन मवाळ.

चाखताना पेला एक तृतीयांशच भरावा. पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग पाहावा. जांभळट असेल तर वाइन कोवळी, कडा विटकरी असेल तर मुरलेली. पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, मग छोटा घोट तोंडभर घोळवावा. गिळल्यावर चव किती रेंगाळते, ते महत्त्वाचे.

नावाला मात्र भुलू नये. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मेदोकच्या वाइनची जी प्रतवारी झाली, ती मुख्यतः तेव्हाच्या बाजारभावावर बेतलेली. त्यानंतर पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती एकट्या मुतों रोथशिल्डला, १९७३ साली. लेबल जुने, द्राक्षे मात्र दरवर्षी नवी. तेव्हा निवाडा आपल्याच जिभेने करावा, हे उत्तम!