किलोमीटर कमी, पट्टा म्हातारा

आच्छाडची सीमा ओलांडून तलासरी, चारोटीकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर एमएच-४८ च्या जोडीने जीजे-१५ आणि डीएन-०९ च्या पाट्याही सर्रास दिसतात. वलसाड आणि सिल्वासा इथून जवळच, त्यामुळे जुनी गाडी घ्यायची तर दोन्हीकडची बघता येते. गिऱ्हाईक पत्रा ठोकून बघते, टायर बघते, एसी लावून बघते आणि मीटरवरचा आकडा कमी असला की खूश होते. टायमिंग बेल्टच्या बाबतीत मात्र हा कमी आकडाच फसवा ठरू शकतो.

इंजिनाच्या एका अंगाला झाकणामागे हा दातेरी रबरी पट्टा असतो. खालचा क्रँकशाफ्ट पिस्टनला वर-खाली नेतो, वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि या दोघांचा ताल पट्टा सांभाळतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, म्हणून वरच्या पुलीला खालच्या पुलीच्या दुप्पट दात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकच जागा आळीपाळीने वापरतात. पट्टा तुटला किंवा दोन-चार दात सरकला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेलमध्ये हवा जास्त दाबायची असल्याने वर मोकळी जागा जवळजवळ नसतेच. तिथे व्हॉल्व्ह वाकतात आणि काम थेट हेड उतरवण्यावर जाते. चालती गाडी अचानक बंद पडली आणि नंतर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरतोय असे वाटले, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नये. जे व्हॉल्व्ह वाचले असतील तेही जातील.

दातेरी पट्टा मुळात शिलाई मशीनसाठी, १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत तो आला १९६२ च्या सुमारास, जर्मनीच्या ग्लास १००४ मध्ये. त्याची खरी ताकद रबरात नसून आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत आहे. हे दोरे ताणाला जवळजवळ हार जात नाहीत, पण तीव्र घडी पडली की तुटतात. म्हणूनच नवा पट्टा दुमडून खिशात कोंबणाऱ्या पोराला उस्ताद ओरडतो. रबराचे वैरी तीन: उष्णता, तेल आणि वय. जुन्या पट्ट्यांच्या पाठीवर भेगा तरी दिसत. आताचे सुधारित रबर वरून शाबूत दिसते आणि आतले दोरे थकलेले असतात.

आता दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. एक तलासरीहून रोज वापीला कामावर जाणारी, दुसरी बोर्डी-घोलवडच्या वाडीतून डहाणू स्टेशनपर्यंत कधीमधी निघणारी. पहिलीचे किलोमीटर भराभर वाढतात आणि पट्टा निदान वेळच्या वेळी आठवतो. दुसरी दहा वर्षांत जेमतेम तीस हजार चालते, पट्टा मूळचाच राहतो. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षे दोन्ही दिलेली असतील, तर जे आधी भरेल ते धरायचे. मला विचाराल तर बिल नसलेल्या जुन्या गाडीचा पट्टा बदललेलाच नाही, असे समजून चालावे. विकणाऱ्याचा शब्द कितीही गोड असो.

पण नुसता पट्टा बदलणे ही अर्धवट काटकसर. साधा हिशेब करू. ६० हजार किलोमीटर सरासरी ३० च्या वेगाने म्हणजे २००० तास. मिनिटाला २००० फेरे धरले तर क्रँक फिरला २४ कोटी वेळा. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणारा आयडलर यांच्या पुल्या क्रँकच्या पुलीपेक्षा मोठ्या नसतील, तर त्यांची बेरिंगे निदान तेवढी तरी फिरली. त्यांतले ग्रीस संपत आलेले असते. बेरिंग अडकले की कालचा नवा पट्टाही जळतो किंवा उतरतो.

वॉटर पंपाचे गाडीगणिक वेगळे. डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये तो टायमिंग बेल्टवरच फिरतो, तेव्हा पट्ट्याबरोबर तोही बदलावा. पंपाच्या छोट्या भोकाखाली कुलंटचे वाळलेले डाग दिसले, तर प्रश्नच उरत नाही. जुन्या मारुती ८०० मध्ये पंप वेगळ्या पट्ट्यावर चालतो. तिथे तपासून ठरवावे. कॅम आणि क्रँकची ऑइल सील झिरपत असतील तर ती मात्र बदलायचीच, कारण तेल थेट नव्या पट्ट्यावर येते. या कामात मजुरी जाते ती उघडण्या-बांधण्याची. तीच उकल दोनदा कशाला करायची?

त्याआधी आपल्या इंजिनात पट्टा आहे की चेन, हे बघावे. गाडीच्या नावावरून ते कळत नाही. जुन्या डिझेल इंडिकात पट्टा आहे, तर इंडिका व्हिस्टाच्या १.३ क्वाड्राजेटमध्ये चेन. इंजिन कोणते, ते विचारूनच सामान मागवावे.

नवा पट्टा बसवून मार्क जुळवले, की चांगला मेकॅनिक लगेच चावी फिरवत नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे देतो आणि मार्क पुन्हा बघतो. फेरा कुठे अडला तर जोर न लावता पट्टा परत काढतो. झाकण बसवण्याआधी त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्यावेत, बिलावरही.