ग्रामनामदर्शक आडनावे

मूळ गावाच्या नावावरून रूढ झालेली कुलनामे. मराठीत ती बहुधा ग्रामनामास ‘कर’ हा रहिवासदर्शक प्रत्यय लागून होतात. प्रत्यय लागताना काही वेळा ग्रामनामाचा अंत्य स्वर बदलतो वा लोप पावतो. उदा., पेण–पेणकर, सातारा–सातारकर, मंगेशी–मंगेशकर.

असे आडनाव गावाचा निर्देश करीत असले, तरी ते सामान्यतः गाव सोडल्यावरच पडते. भिवंडी तालुक्यातील (जि. ठाणे) राहनाळ या गावी कोणास ‘राहनाळकर’ म्हटल्याने त्याची वेगळी ओळख पटणार नाही, कारण तेथील सर्वच रहिवासी राहनाळकर होत. तोच मनुष्य मुंबईस वा पुण्यास गेल्यावर मात्र हे नाव त्याला इतरांपासून वेगळे करते. या दृष्टीने ही आडनावे स्थलांतराची निदर्शक ठरतात. एका गावातून निघालेली भिन्न जातिधर्मांची कुटुंबे एकच आडनाव लावू शकत असल्याने केवळ त्यावरून जात किंवा नाते ठरविता येत नाही.

शाळा, सैन्य व न्यायालये यांतील नोंदींमुळे ब्रिटिश अमदानीत आडनावे स्थिर झाली. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ होते, शाळेत मात्र आंबडवे (जि. रत्नागिरी) या मूळ गावावरून आडनाव नोंदविले गेले व पुढे ‘आंबेडकर’ हे रूप रूढ झाले. दीनानाथ मंगेशकर (१९००–४२) यांनी गोव्यातील मंगेशी या जन्मगावावरून आडनाव घेतले.

इंग्लंडमध्ये नॉर्मन विजयानंतरच्या (१०६६) काही शतकांत अशी आडनावे आनुवंशिक बनली. तेथे प्रत्यय न लागता ग्रामनामच आडनाव होते. उत्तर इंग्लंडमधील वॉशिंग्टन या गावावरून पडलेले आडनाव जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–९९) यांच्यामुळे अमेरिकेच्या राजधानीस मिळाले. अशा रीतीने गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुन्हा गाव, असे आवर्तन पूर्ण झाले.

कोकणातील बेने इस्राएल समाजात पेणकर, रोहेकर, केहिमकर यांसारखी आडनावे आहेत. किहीम (जि. रायगड) या गावाचे नाव धारण करणारे हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. इस्राएलच्या स्थापनेनंतर (१९४८) यांतील बहुसंख्य कुटुंबे तेथे स्थायिक झाली. ज्या गावांत त्यांची घरे उरली नाहीत, त्या गावांची नावे त्यांच्या आडनावांत टिकून आहेत.