यादीत वडवणी दिसत नाही!

भर उन्हात, वडवणीच्या बाजारात उभं राहून मोबाइलवर एखादा अर्ज भरायला घ्या. जिल्हा बीड निवडला की तालुक्यांची यादी उघडते: अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, धारूर, परळी, पाटोदा. इथे स्क्रीन संपते. ‘आपला तालुकाच नाही की यात!’ म्हणत माणूस फोन खिशात टाकतो. खरं तर यादीत अकराही तालुके आहेत. अकारविल्हे लावल्यामुळे वडवणी दहावी आली आणि सातव्या नावाखाली झाकली गेली, एवढंच.

‘खाली अजून आहे’ हे सांगणं स्क्रीनच्या उजव्या कडेच्या बारीक पट्टीचं, म्हणजे स्क्रोल इंडिकेटरचं काम. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावर स्क्रोलसाठी कडेला ऐसपैस राखीव पट्टा असे. २००७ मध्ये आयफोन आला. छोट्या स्क्रीनवर तेवढी जागा कुठली? मग ती पट्टी काडीसारखी झाली. बोट फिरवलं की उमटते, थांबलं की विरते. अडचण इथेच आहे: जो बोट फिरवत नाही, त्याला ती दिसतच नाही.

पट्टीमागचं गणित शाळकरी आहे. अकरापैकी सात नावं दिसत असतील, तर पट्टीची लांबी कडेच्या सात-अकरांश, म्हणजे साधारण ६४ टक्के. यादी जितकी लांब, तितकी पट्टी आखूड. शेकडो गावांच्या यादीत ती तिळाएवढी होऊ नये म्हणून तिला किमान लांबी ठरवून दिलेली असते.

बाकी बरंच काही ॲप बनवणाऱ्याच्या हातात असतं. अँड्रॉइडवर पट्टीची जाडी बदलता येते, तिचं विरणं बंद करता येतं. आयफोनवर पार्श्वभूमीनुसार ती काळी किंवा पांढरी ठेवता येते. यादी उघडताच ती क्षणभर चमकवायचीही सोय आहे. वेबसाठीच्या २०१८ च्या सुलभता-निकषांत बटणांसारख्या आवश्यक खुणांचा शेजारच्या रंगाशी उजळपणाचा फरक किमान ३:१ असावा, असं म्हटलं आहे. पांढऱ्यावरची फिकट करडी रेघ उन्हात या कसोटीला कशी उतरणार? त्याहून सोपा उपाय म्हणजे शेवटची ओळ अर्धी कापलेली दाखवावी. ‘बीड’चं नुसतं डोकं दिसलं, तरी बोट आपोआप वर सरकतं.

ॲप बनवणाऱ्यांनी आपली यादी एकदा दुपारच्या उन्हात उघडून पाहावी. तोवर वाचकहो, यादी संपली असं वाटलं तरी एकदा बोट फिरवून बघा. वडवणी दहाव्या ओळीवर आहे, आणि तिच्याखाली शिरूर कासारही.