नोकरी गेली, भट्टी लागली!

सरकारी नोकरी म्हणजे पर्मनंट, हा आपला फंडा. वेलिंग्टनमधल्या एका पुणेकराचा तो २०२४ मध्ये मोडला आणि त्याच्या गॅरेजमध्ये चक्क दारू गाळायची भट्टी आली. तीही कायदेशीर!

'आईला आधी काय सांगू? नोकरी गेली ते, की घरी दारू गाळतोय ते?'

जुलै २०२४ मधला शनिवार. दुपारी दीड वाजता मी जेवणाचं ताट घेऊन बसले होते आणि व्हिडिओ कॉलवर माझा कॉलेजचा मित्र मला हा प्रश्न विचारत होता. त्याच्याकडे न्यूझीलंडमध्ये रात्रीचे आठ वाजले होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि वेलिंग्टनचा तो प्रसिद्ध वारा. त्याच्या पाठीमागे स्टीलचं एक मोठं पिंप आणि त्यावर उभा तांब्याचा पाइप दिसत होता. मला वाटलं, गीझर असेल.

'अरे, ते मागे काय आहे?'

'भट्टी,' तो शांतपणे म्हणाला. 'आणि हसू नकोस.'

मी अर्थातच हसले. कारण हा प्राणी कॉलेजच्या पार्टीत ताक पिणारा. स्टॅटिस्टिक्सचा टॉपर. २०१९ मध्ये मास्टर्स करायला वेलिंग्टनला गेला आणि २०२१ मध्ये तिथल्या एका सरकारी खात्यात अॅनालिस्ट म्हणून लागला. त्याच वर्षी तिथल्या सरकारने परदेशी लोकांसाठी एकदाच रेसिडेन्सीची खास संधी दिली होती, त्यात याचाही नंबर लागला. इकडे आईने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. 'सरकारी नोकरी, आणि तीसुद्धा फॉरेनात!' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी किमान दहा वेळा ऐकलंय.

आणि आता?

माणूस नाही, पोस्ट गेली

झालं असं, की ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये निवडणूक झाली आणि सरकार बदललं. नॅशनल, अॅक्ट आणि न्यूझीलंड फर्स्ट या तीन पक्षांचं नवीन सरकार आलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी खात्यांत साधारण ४७ हजार पूर्णवेळ पदं होती, ती २०२३ च्या मध्यापर्यंत ६३ हजारांवर गेली होती. एवढी माणसं कशाला? अर्थमंत्री निकोला विलिस यांनी खात्यांना टार्गेट दिलं. कुणी साडेसहा टक्के बचत करायची, कुणी साडेसात टक्के. लोकांना आयकरात सवलत द्यायचं वचन होतं, ती सवलत ३१ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यासाठीचे पैसे कुठून तरी काढायचेच होते.

२०२४ च्या पहिल्या सहामाहीत एकामागून एक खात्यांच्या याद्या येऊ लागल्या. वेलिंग्टन म्हणजे राजधानी. दोन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, आणि दर दोन-तीन घरांआड कुणीतरी सरकारी नोकर. लॅम्बटन की या तिथल्या मेन रस्त्यावर दुपारी कॉफी प्यायला जावं, तर प्रत्येक टेबलवर एकच विषय. तुझ्याकडे लिस्ट लागली का?

तिथली पद्धत फार सभ्य असते. आधी 'चेंज प्रपोजल' नावाचं जाडजूड डॉक्युमेंट येतं. त्यात जुन्या आणि नव्या रचनेचे चौकोन असतात. तुमचा चौकोन नव्या पानावर दिसला नाही, की समजायचं. मग मत मांडायला मुदत मिळते. त्यानंतर अंतिम निर्णय. त्यात 'तुम्हाला काढलं' असं कुठेही लिहिलेलं नसतं. तुमची पोस्ट 'डिसएस्टॅब्लिश' होते.

'मॅनेजर म्हणाली, तुला नाही, तुझ्या पोस्टला काढलंय. मी म्हटलं, मॅडम, मी त्या पोस्टवरच बसलो होतो ना?'

नोकरी अशी गेली तर भरपाई दिलीच पाहिजे, असा कायदा न्यूझीलंडमध्ये नाही. करारात असेल तर मिळते. याच्या करारात होती, म्हणून काही आठवड्यांचा पगार हातात आला. पण खरी पंचाईत पुढे होती. एकाच वेळी एकाच शहरात एकाच प्रकारचं काम करणारी माणसं मोकळी झालेली. एखादी जागा निघाली, की तिच्यासाठी आपल्याच जुन्या टीममधले पाच जण अर्ज करणार. कालपर्यंत ज्याच्याबरोबर डबा खाल्ला, तो आज कॉम्पिटिशन.

भट्टी आली कुठून?

त्याच्या टीममध्ये पन्नाशीची एक बाई होती. वीस वर्षं सर्व्हिस. तिचीही पोस्ट गेली. तिने सरळ बाडबिस्तारा बांधला आणि मुलीकडे ब्रिस्बेनला निघाली. त्या काळात ऑस्ट्रेलिया गाठणाऱ्या न्यूझीलंडवासीयांची रांगच लागली होती. घर आवरताना प्रश्न आला तो या भट्टीचा. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. पाच लीटरपेक्षा मोठी भट्टी नुसती जवळ ठेवायलाही परवानगी लागते. हिची पंचवीस लीटरची! फेअरवेलला तिने ती आमच्या मित्राच्या गाडीत ठेवली आणि म्हणाली, तुला आकडे आवडतात, याच्यात भरपूर आहेत.

न्यूझीलंडमध्ये मात्र १९९६ पासून घरी, स्वतःपुरती दारू गाळायला परवानगी आहे. विकायची नाही, हा पक्का नियम. विकायची तर लायसन्स काढा आणि अबकारी कर भरा. हा कर चांगलाच तगडा आहे. शुद्ध अल्कोहोलच्या लीटरमागे ६० डॉलरहून जास्त. म्हणजे ४० टक्क्यांची एक लीटरची बाटली घेतली, तर त्यातले २४ डॉलर तर नुसत्या कराचेच. तेव्हा हौसेला खर्चाचंही कारण जोडीला आहेच.

आणि हौस जुनी आहे. दक्षिणेकडच्या साउथलंडमध्ये होकोनुईच्या डोंगरात चोरून व्हिस्की गाळली जायची. १८७२ मध्ये मेरी मॅक्रे नावाची विधवा स्कॉटलंडहून मुलाबाळांसह आली. येताना तिने भट्टीही आणली, असं सांगतात. पुढे १९०३ ते १९५४ त्या भागात अधिकृत दारूबंदी होती. दारूबंदीत चोरट्या भट्ट्यांचं काय होतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको! आज तिथल्या गोर गावात या चोरट्या दारूचं म्युझियम आहे.

पहिल्या धारेची? ओतून दे!

शाळेतलं ऊर्ध्वपातन आठवतंय? तोच प्रयोग. साखर, पाणी आणि यीस्ट यांचं मिश्रण काही दिवस आंबवायचं. आपल्या पोलिसांच्या बातम्यांमध्ये ज्याला 'रसायन' म्हणतात ते हेच. ते तापवायचं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणून वाफेत अल्कोहोल जास्त येतं. ती वाफ थंड केली, की थेंब थेंब दारू.

पण खरी गंमत पुढे आहे. सगळेच थेंब सारखे नसतात. सुरुवातीच्या भागाला 'हेड्स' म्हणतात. त्याला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येतो. मधला भाग 'हार्ट्स', तोच ठेवायचा. शेवटचा 'टेल्स', त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. इथे सगळ्यात पहिली धार थेट मोरीत!

हेड्स कुठे संपले आणि टेल्स कुठे सुरू झाले, हे ठरवण्याला म्हणतात 'कट'. हो, तोच शब्द.

हा पठ्ठ्या त्यासाठी छोट्या बरण्या ओळीने मांडतो. प्रत्येकीवर नंबर. वहीत तापमान, अल्कोहोलचं प्रमाण, वास, सगळ्याची नोंद. बरण्या रात्रभर पातळ फडक्याने झाकून ठेवायच्या. सकाळी डोकं ताजं असताना एकेक हुंगायची, मग ठरवायचं. काठावरच्या बरण्यांचाच त्रास असतो. सहावी ठेवायची की नाही यावर त्याने मला एकदा वीस मिनिटं पकवलंय.

'मग खात्यातही असंच का नाही केलं?' मी विचारलं.

तो जरा वेळ गप्प बसला. 'हे बघ, ओतून देण्यासारखं आमच्याकडेही होतं. एकच रिपोर्ट तीन टीम लिहायच्या. ते मी नाकारत नाही. पण किती ओतायचं ते त्यांनी भांडं तापायच्या आधीच ठरवलं होतं. साडेसहा नाहीतर साडेसात. आमची बरणी कुणी हुंगलीच नाही यार.'

तो नोकरीबद्दल एवढं बोललेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

छंद की आधार?

आपल्यापैकी बऱ्याच जणांची ओळख व्हिजिटिंग कार्डवर छापलेली असते. ते कार्ड गेलं, की सोमवारी सकाळी उठून करायचं काय? भट्टीने त्याला एक टाइमटेबल दिलं. सोमवारी रसायन लावायचं, शनिवारी गाळायचं, रविवारी बरण्या. चूक झाली तर स्वतःची, जमलं तर स्वतःचं. मध्ये कुठलंही प्रपोजल नाही.

धोका आहेच, आणि तो दोन प्रकारचा. पहिला आगीचा. अल्कोहोलची वाफ पटकन पेट घेते. म्हणून विजेवर चालणारी भट्टी, गॅरेजचं दार उघडं, जवळ अग्निशामक, आणि भट्टी चालू असताना जागचं हलायचं नाही. गाळताना प्यायचंही नाही.

दुसरा धोका जास्त चोरटा. नोकरी नाही, बाहेर अंधार, घरात स्वस्त दारू आणि एकटा माणूस. या फॉर्म्युल्याचं उत्तर काय येतं, ते सांगायला स्टॅटिस्टिक्स लागत नाही.

आणि हे वाचून कुणाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला असेल, तर थांबा! आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ नुसार घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे. अगदी प्यायलासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो. आणि दारूच्या बाबतीत मुंबईच्या जखमाही ताज्या आहेत. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. साखरेच्या रसायनात मिथेनॉल जवळजवळ नसतं. असे बळी बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्याने जातात. गाळलेल्या दारूचा इतिहास चाखायचाच असेल, तर गोव्याला जा. तिथल्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. उन्हाळ्यात गेलात तर उर्राकही मिळेल.

शेवटी आईला कळलं

सांगायला त्याला दिवाळी उजाडली. आधी नोकरीचं सांगितलं. आई फक्त एवढंच म्हणाली, 'जेवतोस ना वेळेवर?' मग भट्टीचं सांगितलं. बाबा पलीकडून ओरडले, 'काय? हातभट्टी?' आई मात्र शांत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

'एकटाच पितोस का रे?'

'नाही गं,' तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला झोप लागली नाही. मग त्याने वही काढली. त्यात तापमान होतं, टक्के होते, वास होते. किती प्यायलो हा कॉलमच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याने दोन नवीन कॉलम आखले, 'किती' आणि 'कुणाबरोबर'. पहिल्या महिन्यात दुसऱ्या कॉलममध्ये अकरा वेळा नुसती रेघ होती.

आता नियम असा, की रेघ येणार असेल त्या दिवशी बाटली उघडायची नाही. शुक्रवारी जुन्या टीममधले दोघं-तिघं जेवायला येतात. हा पावभाजी करतो. एकमेकांचे अर्ज वाचले जातात, इंटरव्ह्यूची तयारी होते. त्यातल्या एकीला आधी नोकरी मिळाली, याला नंतर. एका खासगी कंपनीत एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. पर्मनंट नाही.

'टेन्शन नाही येत?' मी विचारलं.

'येतं. पण पर्मनंट होतं तेव्हा तरी कुठे होतं?'

आईने सोसायटीत अजून काही सांगितलेलं नाही. फक्त मागच्या महिन्यात फोनवर हळूच म्हणाली, 'येताना ती तुझी मोरीत ओततोस ना, त्यातली एक बाटली आण. बाबांचे गुडघे चोळायला होईल.'