आरोळे, रजनीकांत

आरोळे, रजनीकांत : (१० जुलै १९३४ – २५ मे २०११). ग्रामीण भागातील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधास आयुष्य वाहिलेले महाराष्ट्रीय वैद्य. जन्म अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी. तेथील सहाध्यायी मेबल (१९३५–९९) यांच्याशी १९६० मध्ये विवाह. पुढील सर्व कार्य उभयतांचे असल्याने ते एकत्रच पाहावे लागते. याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. उपचाराने बरा झालेला रुग्ण त्याच दूषित पाण्याकडे परततो व तोच रोग घेऊन पुन्हा येतो, हे त्यांना तेथे दिसून आले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविण्यात आल्या. परंतु त्या तेथे रुळल्या नाहीत. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. त्यांपैकी बऱ्याच निरक्षर, तर कित्येक दलित होत्या. अतिसार झालेल्या बालकास मीठ-साखरेचे पाणी पाजणे, गरोदर स्त्रीस धनुर्वाताची लस मिळेल असे पाहणे, नाळ निर्जंतुक पात्याने कापणे, क्षयरोग्याचा औषधक्रम मध्येच खंडित होऊ न देणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. वैद्याला ज्या घराचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, तेथे त्यांना सहज प्रवेश होता.

कुष्ठरोगासंबंधीचे धोरण विशेष उल्लेखनीय आहे. या रोग्यांसाठी वेगळा दवाखाना न काढता त्यांना इतर रुग्णांच्याच रांगेत तपासले जाई. बधिर चट्टा लपविण्याचे कारण उरले नाही, तर रोग लवकर उघडकीस येतो व व्यंग टळू शकते, हे त्यामागील सूत्र. १९७२-७३ च्या दुष्काळात विंधन विहिरींच्या जागा ठरविताना भूजलाबरोबर जातिभेदाचाही विचार झाला. दलित वस्तीत विहीर खोदली गेली, की शुद्ध पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे यावे लागे. रोगप्रतिबंधाच्या पाठ्यपुस्तकांत न आढळणारा हा उपाय परिणामकारक ठरला.

प्रारंभी या भागातील अर्भक मृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे १७६ होते. १९९० नंतरच्या दशकात ते २० च्या आसपास आले. याच काळात राज्यभर हे प्रमाण घटत असले, तरी जामखेड परिसरातील घट त्याहून पुष्कळच अधिक होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील ग्रंथात या प्रयोगाचा समावेश आहे. अल्मा-आता येथील १९७८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो पुरस्कार केला, त्यापूर्वीच ती येथे आचरणात आली होती.

आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार व रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. उभयतांनी लिहिलेला जामखेड हा इंग्रजी ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.