होडीची थरथर वहीत लिहा : व्हायब्रेशन मीटर कसा वापरायचा



१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी संपत आली की आपल्याकडे एकच धांदल असते. रंग, जाळी, इंजिनाचं ऑइल, पंख्याची सफाई. मिस्त्री इंजिन चालू करतो, हात लावून बघतो आणि म्हणतो, "बरं चाललंय." आपणही मान डोलावतो. पण "बरं" म्हणजे किती बरं, हे कोणी लिहून ठेवत नाही. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाची होडी शापोऱ्याच्या मुखाबाहेर बंद पडली. तीन आठवडे आधीपासून मागच्या बाजूला काम करणारा खलाशी सांगत होता, "पाय झिणझिणतात, काहीतरी वेगळं लागतंय." तांडेल म्हणाला, "जुनं इंजिन, थरथरणारच." दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं, पण दाखवायला आकडा कोणाकडेच नव्हता. शेवटी शाफ्टचं बेअरिंग झिजलेलं निघालं. थरथरीने ग्लँडचं पॅकिंग सैल झालं आणि मागून पाणी आत यायला लागलं. दुसऱ्या होडीने ओढून आणली म्हणून माणसं सुखरूप घरी आली. मासळी वाया गेली, ऐन हंगामातले अकरा दिवस गेले, आणि जे काम एका बेअरिंगवर भागलं असतं तिथे शाफ्टही बदलावा लागला.

त्यानंतर सोसायटीने हातात धरायचा व्हायब्रेशन मीटर घेतला. तो वापरायचा कसा हे आम्हाला डिचोलीच्या बाजूच्या एका मिस्त्रीने शिकवलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा तिथले बरेच कारागीर दुसऱ्या कामाला लागले, हा त्यातलाच. क्रशर, कन्व्हेयर, पाण्याचे पंप यांची थरथर मोजून वहीत लिहिणं हे त्यांचं रोजचं काम. तो म्हणाला, "मीटर काही दुरुस्त करत नाही. वही दुरुस्त करते." हे वाक्य आम्हाला पटलं.

मीटर नेमकं काय मोजतो?

मीटर मोबाईलएवढा असतो. त्याला वायरने किंवा थेट एक टोक जोडलेलं असतं. ते टोक मशीनवर टेकवलं की आकडा येतो. तीन प्रकारे मोजता येतं :

१) वेग, मिलिमीटर प्रति सेकंद. मशीनचा तो भाग किती जोराने पुढे-मागे हलतोय ते. आपल्या कामाचा मुख्य आकडा हाच.

२) प्रवेग. बेअरिंगचा बारीक खडखडाट आधी इथे दिसतो.

३) सरक, म्हणजे भाग जागेवरून किती हलतो ते. हळू फिरणाऱ्या भागासाठी.

सुरुवातीला फक्त वेग लिहा. तीन-तीन आकडे लिहायला गेलात तर चार दिवसांत वही बंद पडेल.

मीटरवरच्या तक्त्याने घाबरू नका

बऱ्याच मीटरच्या मागे किंवा डब्यावर एक रंगीत तक्ता छापलेला असतो. लहान मशीनसाठी ०.७१ पर्यंत चांगलं, १.८ पर्यंत चालेल, ४.५ च्या वर धोका, असं त्यात दिसेल. मशीनच्या थरथरीवरून तिची तब्येत ठरवायचा असा पहिला तक्ता अमेरिकेतल्या टी. सी. रॅथबोन या इंजिनिअरने १९३९ साली छापला. तो विमा कंपनीत काम करत होता. कुठली मशीन मोडणार हे विमावाल्याला आधी कळायला हवं, म्हणून हा उद्योग. पुढे आंतरराष्ट्रीय मानकं त्याच वाटेने आली.

पण लक्षात घ्या, तो छापील तक्ता विजेची मोटर, पंप, पंखे अशा गुळगुळीत फिरणाऱ्या मशीनसाठी आहे. बर्फाच्या कारखान्यातल्या पंपाच्या मोटरला तो चालेल. आपल्या डिझेल इंजिनात पिस्टन वर-खाली होतात, सिलिंडरमध्ये स्फोट होतात, त्यामुळे चांगलं इंजिनसुद्धा ४.५ च्या वर सहज जातं. अशा पिस्टनच्या मशीनसाठी वेगळं मानक आहे, पण तेही १०० किलोवॅटच्या वरच्या, म्हणजे साधारण १३५ एचपीच्या पुढच्या मशीनसाठी. आपल्या कितीतरी होड्यांची इंजिनं त्याहून लहान आहेत.

मग करायचं काय? दुसऱ्याच्या होडीशी तुलना करायची नाही, तक्त्याशीही नाही. आपल्या होडीची तुलना आपल्याच होडीच्या मागच्या महिन्याशी करायची. एकटा आकडा काही सांगत नाही. बदललेला आकडा सांगतो.

मोजायच्या चार जागा

१) इंजिनाचा पुढचा पाय (फाउंडेशन बोल्टच्या जवळ)

२) इंजिनाचा मागचा पाय (फ्लायव्हीलच्या बाजूचा)

३) गिअरबॉक्स

४) शाफ्ट बाहेर जातो तिथलं ग्लँडचं किंवा बेअरिंगचं घर

प्रत्येक जागी गंज आणि जाड रंग खरवडून कुंकवाच्या टिकलीएवढा ठिपका ऑइलपेंटने करा. दर वेळी टोक त्याच ठिपक्यावर. दोन बोटं इकडे-तिकडे झालं तरी आकडा बदलतो. लोखंडावर चुंबकाचं टोक लावा. पितळ आणि ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, तिथे टोकदार सळई सरळ काटकोनात दाबा, ना फार जोरात ना सैल. आकडा स्थिर झाला की होल्डचं बटण दाबून मग वाचा.

शक्य असेल तर प्रत्येक जागी तीन दिशांनी घ्या : उभा, आडवा आणि शाफ्टच्या लांबीने.

दर वेळी सगळं सारखं हवं

इंजिन पूर्ण गरम झालेलं. होडी रिकामी, बर्फ आणि मासळी नसताना. जागा नदीतली तीच, पाणी खोल आणि शांत. उथळ पाण्यात पंख्यावर ताण येतो आणि थरथर वाढते, म्हणून वाळूच्या पट्ट्यावर रीडिंग घेऊ नका. आणि आरपीएम तोच. आम्ही १८०० ठरवला आहे. तुमच्या इंजिनाला तो जास्त होत असेल तर तुमचा वेगळा ठरवा, पण मग तोच कायम ठेवा.

१८०० का, तेही सांगतो. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे. गिअर तीनला एक असेल तर शाफ्ट ६०० आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला १० फेरे. हातातले बहुतेक मीटर सेकंदाला १० ते १००० हेलकावे एवढंच नीट मोजतात. त्याच्या खाली ते आकडा कमी दाखवतात. म्हणजे स्लो चालवून मोजलंत तर वाकलेला शाफ्टसुद्धा मीटरला साधुसंत वाटेल. आपल्या गिअरचा रेशो प्लेटवर बघून घ्या.

न्यूट्रल आणि गिअर : सगळ्यात उपयोगी युक्ती

एकदा न्यूट्रलमध्ये मोजा, एकदा गिअर टाकून चालत्या होडीत. दोन्ही लिहा.

आकडा दोन्हीकडे वाढलेला असेल तर दोष इंजिनाच्या बाजूला. सैल बोल्ट, थकलेले रबर माउंट, नीट न मारणारा इंजेक्टर.

न्यूट्रलमध्ये जुनाच आणि गिअरमध्ये वाढलेला असेल तर दोष मागे. पंखा, शाफ्ट, बेअरिंग किंवा कपलिंग.

चारपैकी एकाच पायाशी जास्त असेल तर आधी त्याच पायाचा बोल्ट बघा.

शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जास्त वाढला असेल तर कपलिंगचं अलाइनमेंट किंवा वाकलेला शाफ्ट हा पहिला संशय. जमिनीवर जुळवलेलं कपलिंग पाण्यात गेल्यावर थोडं हलतं, कारण होडीचा आकारच पाण्यात बदलतो. म्हणून होडी पाण्यात टाकून एक-दोन दिवस झाल्यावर अलाइनमेंट परत तपासून घ्या.

हे संशय आहेत, निकाल नाही. निकाल मिस्त्रीच देणार. पण "इंजिन आवाज करतंय" असं सांगण्यापेक्षा "फक्त गिअरमध्ये, मागच्या बाजूला वाढलंय" असं सांगितलंत तर मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो, आणि तुमचे पैसे.

वही कशी असावी

शाळेची दोनशे पानी वही पुरते. रकाने : तारीख, आरपीएम, न्यूट्रल की गिअर, चार जागांचे आकडे, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात "पंखा घासला", "बोल्ट आवळले", "वाळूला टेकली" असं साध्या भाषेत लिहा. हा रकाना आकड्यांइतकाच महत्त्वाचा.

समजा ग्लँडपाशी गिअरमध्ये पहिल्या तीन वेळा ८.२, ८.५, ८.१ आले. म्हणजे या होडीचा घरचा आकडा सव्वाआठच्या आसपास. पुढे ८.६ आला तर काळजी नाही. १२ च्या वर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर त्या आठवड्यात कारण शोधा. १६ च्या वर गेला, म्हणजे दुप्पट झाला, तर होडी बाहेर काढू नका. दीडपट आणि दुप्पट हा आम्ही आमच्यापुरता ठरवलेला नियम आहे. एकदम वाढ झाली तर आकडा लहान असला तरी दुर्लक्ष नको.

याच वहीमुळे नंतर एका होडीचं काम लवकर झालं. आकडा फक्त गिअरमध्ये वाढला होता. ओहोटीला होडी टेकवून बघितली तर पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन दोर घट्ट गुंडाळलेला, आणि एका पात्याची कड दुमडलेली. सकाळी काढलं, दुसऱ्या दिवशी होडी दर्यात.

जीव सांभाळून

फिरत्या शाफ्टजवळ लुंगी, गमछा, सैल शर्ट, गळ्यातली दोरी नको. मीटरची वायर मनगटाला गुंडाळू नका. कपलिंगवर झाकण हवंच. एक माणूस मीटरवर, दुसरा थ्रॉटलवर. एकट्याने हे करू नका. लाटांत मोजू नका, आकडाही खोटा येतो आणि तोलही जातो. आऊटबोर्डवाल्यांनी चालत्या मोटरीवर वाकून मोजायच्या फंदात पडू नये. तुमच्यासाठी पंख्याची पाती आणि क्लॅम्पचे बोल्ट नियमित बघणं जास्त कामाचं.

शेवटचं

मीटर सोसायटीच्या कार्यालयात आहे. सभासदांना एका दिवसासाठी सही करून मिळेल, भाडं नाही. महिन्यातून दोनदा मोजलं तरी पुरे. पहिलं रीडिंग बंदीनंतर होडी पाण्यात गेल्यावर, अलाइनमेंट तपासून झालं की घ्या, म्हणजे वर्षभर तुलना करता येईल. लिहायचा कंटाळा येत असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना सांगा. तुम्ही आकडे आणा, ती वही ठेवतील आणि मोबाईलवर फोटोही काढून ठेवतील.

आणि तांडेलांना एक विनंती. खलाशी म्हणाला "पाय झिणझिणतात", तर त्याला हसू नका. त्याला म्हणा, "चल, मोजूया." आकडा जुनाच निघाला तर दोघेही निवांत. वाढलेला निघाला तर त्याने तुमची होडी वाचवली.