दारं नाहीत, चोरीही नाही... पण का?

शनिशिंगणापूरला जायचं तर महामार्गावर घोडेगावला उतरायचं. तिथून शिंगणापूर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटेतच कोणीतरी सांगतं : तिथल्या घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. शनिदेव राखण करतात, म्हणून चोरी होत नाही.

श्रद्धा ज्याची त्याची. माझा प्रश्न त्या 'म्हणून'पुरता आहे.

उघडी घरं आणि कमी चोऱ्या या दोन गोष्टी सोबत दिसतात, एवढं आपल्याला माहीत आहे. याला सहसंबंध म्हणतात. कारण कोणतं, हे अजून ठरलेलं नाही. चोराचाच शनीच्या कोपावर विश्वास असेल आणि तो घाबरून हात लावत नसेल, तर कारण झाली त्याची भीती. किंवा गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे; अनोळखी माणूस कोणाच्या घरात शिरला तर लगेच नजरेत भरणार. हेही कारण असू शकतं, आणि ते दार असलेल्या गावातही लागू पडतं.

आणि चोऱ्या मोजल्या कोणी? शिंगणापूरला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं 2015 मध्ये. त्याआधी, 2010 मध्ये, बाहेरून आलेल्या एकाने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली होती. तक्रार द्यायला लांब जावं लागत असेल आणि वर गावाच्या नावाचा प्रश्न असेल, तर 'नोंद कमी' म्हणजेच 'चोरी कमी' असं धरता येत नाही. 2011 मध्ये युको बँकेने इथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली, त्याची बातमी देशभर झाली. पण रोकड आणि कागदपत्रांच्या सुरक्षेची सोय बँकेने केलीच होती. मग तिथे चोरी झाली नाही, तर श्रेय कोणाला द्यायचं?

तुलना करायची तर सारख्याशी सारख्याची. घोडेगाव शेजारी असलं तरी इथे चालणार नाही. हे बाजाराचं गाव. जनावरं, कांदा, रोख पैसा, बाहेरची माणसं. त्या कांद्याच्या बाजारातही एक गंमत आहे. आवक वाढली की भाव पडतो, हे सगळ्यांना पाठ. पण भाव चढल्याचं कळलं की शेतकरी चाळीतला माल बाहेर काढतात आणि आवक वाढते. नुसते आकडे बघून कोणामुळे कोण, ते सांगून दाखवा!

शनीचा विषय निघालाच आहे, तर साडेसातीचंही बघू. एटीकेटी लागली, ब्रेकअप झालं, की घरातलं कोणीतरी पत्रिका काढतंच. गणित सोपं आहे. साडेसाती एका वेळी बारापैकी तीन राशींना असते, म्हणजे साधारण निम्म्याच्या निम्म्या वर्गाला. ती चालते साडेसात वर्षं. आपल्या वयात एवढ्या काळात दहावी, बारावी, प्रवेश, प्लेसमेंट सगळं येऊन जातं. काही ना काही बिघडणारच. पण ज्यांना साडेसाती नाही, त्यांचं किती बिघडलं? ते कोणी विचारतच नाही.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी तेच विचारलं. 2008 मध्ये त्यांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंनिसच्या कार्यकर्त्यांसोबत, 200 मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका बनवल्या. 100 मुलं हुशार म्हणून निवडलेली, 100 बौद्धिक अपंगत्व असलेली. मुद्दा हाच, की दोन्ही गट हवेत. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या : कोणती कोणत्या गटातली ते सांगा. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती, तर 50 टक्क्यांच्या आसपास आली असती.